स्पीकरचा मफलर

मंगळवारी सकाळी अक्का गेली. दुपारी तिला नेलं. संध्याकाळी दाजींनी स्पीकरला बांधलेला मफलर सोडला, बटण दाबलं आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला.

स्पीकरमधून माझा आवाज आला, ‘सखूच्या सासूनं सकाळी सात शेर साखर सांडली.’

घरात तेव्हा वीसेक माणसं बसली होती. दाजींच्या थोरल्या बहिणीनं, जिजींनी, रडता रडता पाण्याचा तांब्या तोंडाला लावला होता. तो तिथंच राहिला. वाक्यातला एकेक ‘स’ भिंतीला लागून परत येत होता. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं कानावर उपरणं ओढलं. दाजी मात्र दोन स्पीकरांच्या समोर, हात मागे बांधून, मान जराशी तिरपी करून उभे होते. वाक्य संपलं. त्यांनी पुन्हा लावलं. सखूच्या सासूनं पुन्हा साखर सांडली.

‘येडा झाला का काय गं ह्यो,’ जिजी म्हणाल्या.

मी उठून बटण बंद केलं. दाजींनी माझ्याकडे बघितलं. मला राग आला होता. शरमही वाटत होती, कारण आवाज माझा होता आणि वाक्यही माझंच होतं. त्यांनी असं का केलं हे कळायला मला पुढे महिना लागला. पुरतं कळलं असं तर आजही म्हणवत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. नाव त्र्यंबक, गाव देवणीजवळचं, पण सगळा जन्म गेला नांदेडात. तिथल्या एका सूतगिरणीत ते मोटारी दुरुस्त करायचे. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची, हे त्यांचं काम. त्यांना मूलबाळ नाही. मी लातूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. दाजींच्या हिशेबी जो पुस्तकाला हात लावतो तो मास्तर, म्हणून मी मास्तर. मी शिकवत नाही हे मी त्यांना पहिली दहा वर्षं सांगितलं, मग सोडून दिलं.

दाजींनी जगाची दोन भागांत वाटणी केलेली होती, बेस आणि ट्रेबल, म्हणजे जाड आवाज आणि बारीक आवाज. भोपळा बेस, कारलं ट्रेबल. नांदेडचं ऊन ट्रेबल, गोदावरीचं पाणी बेस. जिजी संपूर्ण ट्रेबल. ‘आमच्या बहिणीला एक रेझिस्टर लावाया पायजे,’ ते जिजींच्या देखतच म्हणायचे. माझ्याबद्दल त्यांचं मत एकदाच ठरलं आणि कधी बदललं नाही. ‘मास्तर, तुमच्यात नुसता बेस हाय. वर काहीच न्हाई.’

यावर अक्का पदर तोंडाला लावून हसायची.

अक्काला गाण्यांचं वेड होतं. पहाटे उठली की आधी रेडिओ, मग चूल. भाकरी थापताना तिचा हात गाण्याच्या ठेक्यावर पडायचा. ठेका चुकला तर भाकरीला एका बाजूनं कड जाड यायची. सहा वर्षांपूर्वी तिला ताप आला. अठरा दिवस राहिला. ताप उतरला, पण कान हळवे करून गेला. कुकरची शिट्टी, स्टीलच्या ताटाचा आवाज, झांज, गाणाऱ्या बाईची वरच्या पट्टीतली तान, यातलं काहीही झालं की तिच्या कानात सुई जायची. डॉक्टर म्हणाले, कमी होईल हळूहळू, कधी ते सांगता येत नाही. अक्कानं रेडिओ फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवला. त्या घरात गाणं बंद झालं.

त्याच्या आदल्याच वर्षी गिरणीला टाळं लागलं होतं. दाजी घरीच असायचे. एक दिवस त्यांनी जाहीर केलं, ‘मला स्पीकर बनवायचा शौक हाय.’

हा शौक कुठून आला ते कुणाला कळलं नाही. पंचवीस वर्षांत मी त्यांना एकही गाणं शेवटपर्यंत ऐकताना बघितलं नव्हतं. अक्कासाठी करताय का, असं मी एकदा विचारलं तर ते उखडले. ‘माणसाला शौक नसावा काय? खामखा दुसऱ्याचं नाव कामून घालता मधे?’

मी पुढच्या वेळी लातूरहून गेलो तेव्हा कपाट जागेवर नव्हतं. आमच्या वडिलांनी अक्काच्या लग्नात दिलेलं सागवानी कपाट होतं ते. साड्या पत्र्याच्या ट्रंकेत गेल्या होत्या, रेडिओ माळ्यावर, आणि कपाटाच्या फळ्यांचे दोन डबे दिवाणखान्यात उभे होते. प्रत्येकाला खाली एक मोठं भोक, वर एक लहान.

‘सागवान हाय मास्तर. आवाजाला वजन लागतं.’

‘अहो, पण अक्काच्या साड्या?’

‘साड्यांना काय, ट्रंकेतही घडी मोडत नाही,’ अक्का म्हणाली.

खालच्या भोकातल्या वूफरला दाजी ढोल म्हणायचे. त्याची त्यांना काळजी नव्हती. काळजी होती वरच्या, बारीक आवाज काढणाऱ्या ट्विटरची. त्याला ते गोऱ्हा म्हणायचे. हे डबे पहिल्यांदा वाजवले त्या दिवशी ढोल ढोलासारखा वाजला, पण ट्विटर असा वाजला की कुणी पत्र्यावर खिळा ओढतंय. अक्का मागच्या दारानं अंगणात गेली. दाजी तिच्या पाठीकडे बघत राहिले.

‘देवणीचा गोऱ्हा हाय,’ ते म्हणाले. ‘मारून हुत न्हाई. हळूहळू माणसाळावा लागतो.’

तिथून पुढे सहा वर्षं गोऱ्ह्याला माणसाळवणं चाललं होतं.

आधी त्यांनी तारेचं वेटोळं गुंडाळलं. गिरणीतून आणलेल्या जुन्या बॉबिनवर, जिच्यावर एके काळी सूत असायचं, तिच्यावर आता तांब्याची तार. मला समजावून सांगताना त्यांनी सगळं शेतात नेलं. ‘पाटाचं पाणी एक, सऱ्या दोन. जाड आवाज ह्या सरीत सोडायचा, बारीक त्या सरीत. बारक्या सरीला पाणी लई जाऊन राहिलं, तर तोंडाशी ढेकूळ टाकून अडवायचं. रेझिस्टर म्हणजे ढेकूळ हो, दुसरं काय?’ मग ढेकळं बदलणं सुरू झालं. एक काढ, दुसरं लाव. मग घोंगडीचा तुकडा गोल कापून ट्विटरच्या भोवती चिकटवला. घोंगडी माझ्या आजोबांची होती. मग डब्यात कापूस भरला. मग मागच्या भिंतीवर वाकळ टांगली. मग डबे खुर्चीकडे तोंड करून न ठेवता जरा तिरपे ठेवले. रुसलेल्या जावांसारखे ते दोन वर्षं तसेच उभे होते.

मफलर माझा. एका हिवाळ्यात मी तो तिथं विसरलो. परत गेलो तर त्याचे मधोमध दोन तुकडे करून दोन्ही गोऱ्ह्यांच्या तोंडावर बांधले होते.

‘दाजी, माझा मफलर!’

‘लई गुणाचा हाय,’ ते म्हणाले. ‘कुठून घेतला?’

डबा उघडून बंद केला की तपासणी व्हायची. दिवाणखान्यातल्या शहाबादी फरशीवर दाजींनी पांढऱ्या ऑइलपेंटचे चार ठिपके दिले होते. त्यांवर प्लॅस्टिकच्या खुर्चीचे चार पाय. घरात येणारं प्रत्येक माणूस आधी त्या खुर्चीत बसायचं. वीज मंडळाचा रीडिंगवाला बसला, लग्नाची पत्रिका द्यायला आलेलं जोडपं आळीपाळीनं बसलं. गॅसवाल्याला त्यांनी बसवलं ती गंमत मी स्वतः बघितली आहे.

‘टोचलं का?’

‘काय?’

‘आवाज. टोचला का?’

‘काका, खांद्यावर सिलिंडर टोचतो. आवाजाचं काही न्हाई.’

दाजींची तपासणीची रीत विचित्र होती. दुसरा कुणी असता तर डोळे मिटून स्पीकर ऐकत बसला असता. दाजी स्पीकरांकडे पाठ करून उभे राहायचे आणि खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यांत बघायचे, अगदी पापणी न लववता. कडक ‘स’ आला आणि बसलेल्याची पापणी जराशी जरी हलली, तर ओरडायचे, ‘टिपलं!’ पत्रिका द्यायला आलेली बाई त्या ओरडण्यानंच जास्त दचकली होती.

गाण्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. ‘गाण्यात माणूस रमतो, पापणी इसरतो,’ म्हणायचे. म्हणून मला हुकूम झाला की स आणि श भरलेलं एक वाक्य करा. मी तीस वर्षं पुस्तकांत काढली, चार ओळींची कविताही कधी केली नाही. एक दुपारभर बसून मी सखूच्या सासूचं ते वाक्य केलं. दाजींनी ते माझ्याच तोंडून मोबाइलवर भरून घेतलं. माझं साहित्य एवढंच, पण नांदेडच्या त्या गल्लीत ते पाठ नसलेलं माणूस नाही. अक्का भाजीला निघाली की शेजारणी विचारायच्या, ‘सखूची सासू काय म्हणती?’

दोन-चार पापण्या स्थिर राहिल्या की मगच अक्काला बोलावणं जायचं. ‘आधी लोकास्नी टोचू द्या,’ हा दाजींचा नियम होता. अक्का पदराला हात पुसत यायची, खुर्चीत बसायची. तिच्यासाठी सखूची सासू नसायची, तिच्यासाठी गाणं. हळू आवाजात अर्धं गाणं व्हायचं. दाजी समोर उभे. मग अक्का म्हणायची, ‘लई चांगलं झालंय हो. फक्त जरा, अगदी जरासं टोचतंय.’

मला वाटायचं, एवढ्या कष्टांनंतर हे ऐकून माणूस खचेल. दाजी खुलायचे. ‘जरासं ना? करतो ना मी!’ आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन डब्यासमोर मांडी घालायचे.

एकदा गावी सप्ताह होता. देवळासमोरच्या कडुलिंबावर भोंगा बांधला होता आणि त्याचं तोंड नेमकं दाजींच्या घराकडं. अक्का आतल्या खोलीत कानांत बोळे घालून बसली होती. कीर्तन रंगात आलं आणि एकाएकी महाराजांचा आवाज असा यायला लागला, जणू ते पांघरुणात शिरून बोलत आहेत. लोक वर बघतात तर साठीचे दाजी लिंबावर बसून भोंग्यात घोंगडीचा तुकडा कोंबून राहिलेले. गावकऱ्यांनी खाली उतरवलं, जाब विचारला. ‘आवाज बंद न्हाई केला, गोड केला,’ एवढंच ते म्हणाले. बायकोचा कान दुखतो, हे काही त्यांनी सांगितलं नाही. जिजी पुढचं वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ‘घरात ट्रेबल कमी झाला,’ असं दाजी मला म्हणाले.

मागच्या पंचमीला अक्का माहेरी, लातूरला आली होती. आम्ही ओट्यावर लाह्या निवडत बसलो होतो. समोरच्या दुकानात लोखंड कापायचं यंत्र सुरू झालं. मला दात आंबल्यासारखं झालं. अक्का शांतपणे लाह्या निवडत होती.

‘अक्का, आत चल. कान दुखतील तुझे.’

‘कान बरे होऊन दोन वर्षं झाली, दत्ता.’

‘अगं, मग दाजींना ते टोचतंय म्हणतेस ते?’

तिनं लाह्यांतला न फुटलेला गणंग वेचून बाजूला टाकला. ‘टोचत नाही म्हणलं की ते डबा बंद करून स्क्रू आवळतील. आणि मग? गिरणी बंद झाली तेव्हा आठ महिने भिंतीकडं तोंड करून बसले होते. तू नाही बघितलंस. मी बघितलंय.’ मग म्हणाली, ‘बोलू नकोस बरं का त्यांना.’

मी कबूल केलं. पण पंधरा दिवसांनी मी नांदेडला गेलो होतो, तेव्हा शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली आणि अक्काचा हात झटकन कानाकडे गेला. मी बघितलं. मी बघितलेलं तिनंही बघितलं. ती चहा गाळायला लागली. आता ती दाजींशी खोटं बोलत होती की माझ्याशी, हे मला ठरवता येईना. विचारू विचारू म्हणत राहिलो. मग तो मंगळवार आला.

महिन्यानं मी पुन्हा गेलो. एसटी लोह्यावरून नांदेडात शिरली तेव्हाही डोक्यात तीच संध्याकाळ होती.

दाजी दिवाणखान्यात फरशीवर बसले होते. दोन्ही डबे उघडे. घोंगडीची कडी, कापूस, रेझिस्टर, सगळं वर्तमानपत्रावर काढून ठेवलेलं. मफलरचे दोन तुकडे धुऊन, घडी घालून खिडकीत ठेवले होते. खुर्ची चार ठिपक्यांवर होती.

‘या मास्तर.’

मी खाली बसलो. मग मी म्हणालो, ‘दाजी, त्या दिवशी तुम्ही ते कामून लावलं?’

त्यांनी पक्कड खाली ठेवली. ‘भाईर लिंबात चिमण्या हायत ना?’

होत्या. कलकलाट चालला होता.

‘मला नुसत्या चोची हालताना दिसतात,’ दाजी म्हणाले. ‘गिरणीत सत्तावीस वर्षं काढली. सगळी यंत्रं एकदम चालायची. बारीक आवाज तिथंच ऱ्हायला. खालचं सगळं ऐकू येतं. तुमचं बोलणं येतं, ढोल येतो. वरचं काहीच न्हाई.’

तेव्हा मला ती खुर्ची कळली. ते आमच्या डोळ्यांत का बघायचे, ते कळलं. सहा वर्षं हा माणूस स्वतःला ऐकू न येणारा आवाज मऊ करत होता, आणि तो किती मऊ झाला हे परक्यांच्या पापण्यांवरून वाचत होता.

‘तिला काय टोचायचं ते मी कधी ऐकलंच न्हाई,’ ते म्हणाले. ‘ज्याला येसण घातली तो गोऱ्हा मी बघितलाच न्हाई. ती होती तवर सोडून बघता येईना, तिला तकलीफ झाली असती. त्या दिवशी म्हणलं, आता कुणाला तकलीफ हाय? मोकळं सोडून, फुल आवाज करून एकदा बघावं.’

‘मग?’

‘सखू आली. सासू आली. साखर सांडली.’ ते खिडकीकडे बघत होते. ‘टोचलं न्हाई काही. मला वाटलं हुतं, निदान त्या दिवशी तरी टोचंल.’

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, ‘तुम्ही तिचे भाऊ. खरं सांगा. शेवटपर्यंत टोचतंय म्हणायची. किती टोचत असंल? लई का?’

मी अक्काला शब्द दिला होता. पण तिच्या कानातली सुई आपल्याला शेवटपर्यंत काढता आली नाही, हे मनात धरून हा माणूस पुढची वर्षं काढणार, हेही मला दिसत होतं. मी पंचमीचं सगळं सांगितलं. लाह्या, लोखंड कापायचं यंत्र, दोन वर्षं. आठ महिने भिंतीकडे तोंड, तेही सांगितलं. कुकरच्या शिट्टीचं तेवढं सांगितलं नाही.

दाजींनी मान हलवली. ‘म्हाईत हाय.’

‘काय माहीत आहे?’

‘तोंडानं टोचतंय म्हणायची. पापणी जागची हालत न्हवती.’

‘दाजी, मग तुम्ही पुन्हा पुन्हा डबा कामून उघडत होता?’

‘डबा उघडला की पुन्हा तिला बोलवावं लागायचं ना,’ ते म्हणाले. ‘खुर्चीत बसायची. अर्ध्या गाण्यापुरती.’

त्यांना खरोखरच माहीत होतं, की तिच्या खोट्याचं मला वाईट वाटू नये म्हणून ते तसं म्हणाले, हे मला कळलं नाही. ती शिट्टी आठवते आणि आणखीनच गोंधळायला होतं. त्या घरातल्या दोन माणसांपैकी कोण कुणाला सांभाळत होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. विचारायला एकच माणूस उरला आहे आणि तो माझ्याच डोळ्यांत बघत असतो.

दाजी उठले. उघड्या डब्यांच्या तारा जोडल्या. खुर्चीच्या पाठीवर हात थोपटला. ‘बसा.’

मी बसलो. ते स्पीकरांकडे पाठ करून माझ्यासमोर उभे राहिले. सखूच्या सासूनं सकाळी सात शेर साखर सांडली. घोंगडी नाही, कापूस नाही, मफलर नाही. सातव्या ‘स’ला पोचायच्या आत माझी पापणी हलली.

‘टिपलं,’ दाजी म्हणाले. पूर्वीसारखे ओरडले नाहीत. ‘लई टोचलं का?’

‘लई टोचलं.’

‘करतो ना मी,’ ते म्हणाले, आणि मांडी घालून घोंगडीची कडी हातात घेतली.

निघताना त्यांनी मफलरचे दोन्ही तुकडे माझ्या पिशवीत घातले. मी एक परत काढून डाव्या स्पीकरवर ठेवला.

आता नांदेडच्या त्या घरात दाजी आहेत, सागवानाचे दोन डबे आहेत आणि चार ठिपक्यांवर एक खुर्ची आहे. महिन्यातून एकदा मी लातूरहून जातो आणि तिच्यात बसतो. मफलरचा अर्धा तुकडा डाव्या स्पीकरला बांधलेला आहे, अर्धा माझ्याकडे आहे. उजवा स्पीकर अजून जरा टोचतो.